द्राक्षपट्ट्यातली दुसरी संधी : पहिली प्रेमकथा लिहायला बसलेल्यांसाठी

एकेकाळी एकमेकांवर जीव असलेली दोन माणसं. काहीतरी मोडलं आणि दोघं दोन दिशांना गेली. दहा-पंधरा वर्षांनी त्याच गावात पुन्हा समोरासमोर उभी राहिली. इंग्रजीत या साच्याच्या कादंबऱ्या ढिगाने निघतात आणि त्यातल्या कितीतरी वाइन बनवणाऱ्या छोट्या गावांत घडतात. टेकडीवर दगडी वाडा, तळघरात लाकडी पिंपं, आजोबांनी मागे ठेवलेली बाग. मराठीत असं काही लिहायचं तर गाव उसनं आणायची गरज नाही. नाशिक जिल्ह्यात ते आहेच. वाड्याच्या जागी पत्र्याचं शेड आहे, आजोबांच्या मृत्युपत्राच्या जागी सातबारा आहे, आणि गोष्टीसाठी ते जास्त कामाचं आहे.

या लेखात अशी एक गोष्ट पायरीपायरीने उभी करू. उदाहरणाला दोन काल्पनिक पात्रं घेतो, वैशाली आणि संदीप. दोघं निफाड तालुक्यातल्या एकाच गावची.

सुरुवातीलाच एक पक्कं करून घ्या. शेवटी दोघं एकत्र येणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं, आणि तो त्यासाठीच पुस्तक उघडतो. त्यामुळे ‘जुळेल का’ या प्रश्नावर गोष्ट ओढता येत नाही. तेव्हा का जुळलं नाही आणि आता का जुळावं, हा खरा प्रश्न. माझ्या मते दुसरी संधी म्हणजे दोघांची पुन्हा गाठ पडणं एवढंच नसतं. ज्या परीक्षेत दोघं पहिल्यांदा नापास झाली, तीच परीक्षा पुन्हा समोर येते आणि या वेळी उत्तर वेगळं द्यावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या परीक्षेच्या तयारीच्या आहेत.

१. आधी गाव पक्कं करा

‘नाशिकची वाइन’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गंगापूर धरणाकडचा भाग येतो. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या, टेस्टिंगला मांडलेले ग्लास, सूर्यास्ताचे फोटो. तिथे पाहुणे प्रेमात पडतात. गावातली माणसं तिथे पार्किंगला, भटारखान्यात नाहीतर बागेत कामाला असतात. पाहुण्यांची गोष्ट लिहायची तर खुशाल लिहा, पण मग ‘छोटं गाव’ हा तुमच्या गोष्टीचा विषय उरत नाही.

दिंडोरी तालुक्यात वायनरी आणि शेती शेजारीशेजारी आहेत. एका बांधाला शिराज ही लाल वाइनची द्राक्षं, दुसऱ्या बांधाला टोमॅटो. निफाड हे खायच्या द्राक्षांचं माहेरघर. थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस ही द्राक्षांच्या जातींची नावं इथल्या पोरांना बाराखडीआधी येतात. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला याची बातमी दरवर्षी छापून येते आणि त्या रात्री शेतकरी बागेत शेकोट्या पेटवून बसतात. विंचूरला राज्य सरकारच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातून आलेलं वाइन पार्क आहे. इगतपुरीकडे सांजेगावच्या बाजूला डोंगर आणि पाऊस दोन्ही जास्त. जिल्ह्याबाहेर जायचं तर पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव आहे, सांगलीकडे पलूस आहे. प्रत्येकाची हवा वेगळी, बोली वेगळी.

नवख्याने निफाड किंवा दिंडोरीतलं एखादं गाव घ्यावं असं मी सुचवीन. तिथे वाइनची बाग ही अल्पसंख्य गोष्ट असते. चारी बाजूंना खायची द्राक्षं आणि मध्ये एखादा एकर वाइनचा, त्यामुळे तो एकर कुणाचा आणि का लावला याची गावाला कायम चौकशी. गावाचं नाव काल्पनिक ठेवा किंवा ठेवूच नका, पण पिंपळगाव बसवंतची बाजार समिती, ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यातून उडणारं सुखोई, कादवा नदीचं पात्र ही खरी नावं जागच्या जागी येऊ द्या.

आणि एकदा तरी प्रत्यक्ष जा, ऐन कामाच्या दिवसांत. फवारणीच्या ब्लोअरचा आवाज किती लांबून येतो, गंधकाचा वास कपड्यांना कसा धरतो, वायनरीच्या मागच्या अंगाला चोथ्याच्या ढिगावर चिलटं कशी घोंगावतात, हे घरी बसून सुचत नाही.

२. मोडलं कशामुळे?

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. बहुतेक हस्तलिखितं इथेच बसतात.

नवखा लेखक पटकन गैरसमजाकडे वळतो. चुलतबहिणीने चिठ्ठी दडवली, कुणीतरी खोटं सांगितलं, त्याने तिला दुसऱ्याच्या गाडीवर पाहिलं. एक फोन केला असता तर मिटलं असतं, असं वाचकाच्या मनात आलं की पंधरा वर्षांचा विरह त्याला मूर्खपणा वाटू लागतो. म्हणून ही चाळणी लावा: दोघांनी तासभर समोरासमोर बसून सगळं खरं बोललं असतं, तरी मोडलंच असतं का? उत्तर ‘हो’ असेल तरच ते कारण ठेवा.

असं कारण या पट्ट्यात शोधायला लागत नाही. २००० साली सुला या नाशिकच्या वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. पुढच्या वर्षी सरकारचं धोरण आलं. त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत एकामागून एक वायनरी उभ्या राहिल्या आणि कंपन्यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांशी करार केले. वाइनच्या द्राक्षाला थिनिंग-डिपिंगचा, म्हणजे घडातले मणी विरळ करून घड औषधात बुडवण्याचा, खटाटोप नाही, भाव आधी ठरलेला, व्यापारी पैसे बुडवून पळण्याची भीती नाही. खायच्या द्राक्षाचा माल उचलून रातोरात गायब होणारे व्यापारी ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे स्वप्नवतच वाटणार. मग २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप घसरला. पुढच्या एक-दोन हंगामांत अनेक ठिकाणी कंपन्यांनी माल उचलला नाही किंवा पैसे थकवले. वाइनचं द्राक्ष म्हणजे बारीक मणी, जाड साल, आत बी. बाजार समितीत ते कोण घेणार? लोकांनी बागांवर कुऱ्हाड घातली.

आता यात आपली दोघं बसवू. वैशालीचे वडील, गावाचे अण्णा, एका कंपनीसाठी करार जमवत होते. त्यांच्या शब्दावर तीस-चाळीस घरांनी वाइनची द्राक्षं लावली, त्यात संदीपचंही घर. हंगाम तोंडावर असताना अण्णांना कळतं की कंपनी माल उचलणार नाही. घरात वैशालीलाही कळतं. बापाची अब्रू जाईल म्हणून ती संदीपला आठ दिवस सांगत नाही. त्या आठ दिवसांत दुसरी एखादी वायनरी गाठता आली असती, निदान थोडा माल तरी वाचला असता. नंतर गावच्या सहकारी सोसायटीच्या ओट्यावर संदीपचे काका तिच्या बापाला सगळ्यांदेखत नको ते बोलतात आणि संदीप मान खाली घालून उभा राहतो. तिचं गप्प राहणं आणि त्याचं गप्प राहणं, दोन्ही खरी. कुणी कितीही समजावलं तरी ती पुसली जात नाहीत.

दोष दोघांनाही वाटून द्या, पण समसमान तोलू नका. इथे तिचा दोष जड आहे, आणि गोष्टीला ते बरं. हल्लीच्या बऱ्याच प्रेमकथांत चुकतो तो नेहमी पुरुष आणि माफ करते ती बाई. वाचक त्याला सरावला आहे.

दुसरी कारणंही आहेत. सोयरीक मोडणं, भाऊबंदकी, कर्ज, आंतरजातीय प्रेमाला घरचा विरोध. जात आणायची असेल तर पूर्ण आणा. तीस पानं जातीचा दाह दाखवायचा आणि शेवटी म्हातारबांच्या डोळ्यांत पाणी आणून सगळं मिटवायचं, हा प्रकार वाचकाचा अपमान आहे. आणि एक गोष्ट माझ्यापुरती तरी ठाम आहे: त्याने तिच्यावर हात उचलला म्हणून ते मोडलं असेल, तर त्या दोघांना दुसरी संधी देऊ नका. तिला दुसरा माणूस द्या, किंवा कुणीच देऊ नका.

३. पुन्हा समोर आणायचं कसं

छोट्या गावात योगायोग लागत नाही. हळद, दहावा, बँकेची रांग, कुठेही गाठ पडते. अवघड असतं ते दोघांना वारंवार भेटायला भाग पाडणं. एकदा भेटून माणूस तोंड चुकवू शकतो. त्याला सहा महिने तोंड चुकवता येऊ नये, अशी अडचण हवी.

शहरातून आलेल्या नायकाने बाग विकत घेतली, हे परदेशी गोष्टींत चालतं. इथे महाराष्ट्र कुळवहिवाट आणि शेतजमीन कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुमचा नायक सॉफ्टवेअरवाला असेल तर आधी त्याच्या घरचा सातबारा दाखवा. हे माहीत असलेला वाचक नाशिकमध्ये घरटी एक आहे.

त्यापेक्षा चांगला रस्ता म्हणजे हक्कसोड. २००५ च्या कायद्यानंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच. पण भावाच्या बाजूने सही करून देण्याची रीत अजून चालूच. पुण्यात राहणारी बहीण सहीसाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येते आणि ऐन वेळी सही करत नाही. एवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहील. मी हे कुणीतरी लिहावं म्हणून वाट पाहतोय.

आपल्या उदाहरणात वेगळं करू. वैशाली शिकून वाइनमेकर झाली आहे आणि दिंडोरीकडच्या एका वायनरीत आहे. कंपनीला निफाडच्या बाजूला पुन्हा करार करायचे आहेत. गावची मुलगी म्हणून तिलाच पाठवलं जातं. ज्या कागदाने घरं बसली तसलाच कागद घेऊन ती संदीपच्या ओट्यावर येते. आता सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर पंधरा दिवसांनी तिला त्याच्या बागेत यावंच लागेल.

४. बागेचं कॅलेंडर भिंतीवर लावा

नाशिकचं द्राक्ष युरोपसारखं वागत नाही. इथे वेल थंडीत झोपत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी होते आणि पीक एकदाच येतं. उन्हाळ्यातली एप्रिलची खरड छाटणी काडी तयार व्हावी म्हणून, आणि पाऊस ओसरताना होणारी, जिला सगळे ऑक्टोबर छाटणी म्हणतात, ती फळासाठी. वाइनच्या बागेची फळछाटणी साधारण सप्टेंबरपासून होते. सप्टेंबरात गळणाऱ्या लालपिवळ्या पानांचं वर्णन केलंत की तुमची गोष्ट नाशिकमधून उठून फ्रान्सात गेली.

छाटणीनंतर काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला डॉरमेक्स या रसायनाची पेस्ट लावतात. आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, मग पोंगा, मग कोवळी फूट. इथून महिना-दीड महिना शेतकऱ्याच्या जिवाला घोर असतो तो डाउनी या बुरशीच्या रोगाचा. आकाश दाटलं, रात्री दव पडलं की सकाळी तो पानं उलटी करून बघतो. फुलोरा, मणी सेट होणं, मणी फुगणं. डिसेंबरच्या आसपास मण्यात पाणी उतरतं: हिरवा कडक मणी मऊ पडतो, शिराजसारख्या जातीत रंग भरू लागतो. भुरी या दुसऱ्या बुरशीची धास्ती तोवर असतेच. जानेवारी ते मार्च तोडणी, आधी पांढऱ्या वाइनच्या जाती, शेनिन ब्लां, सोव्हिन्यो ब्लां, आणि मागून लाल. तोडणी पहाटे, गारव्यात, कात्रीने. कॅरेट भरून ऊन चढायच्या आत ट्रॅक्टर वायनरीच्या दारात.

आता प्रेमकथेचे टप्पे यावर ठेवून बघा. करार आणि पहिली भेट छाटणीच्या आधी, जेव्हा बागेत दाखवण्यासारखं काही नसतं. अवघडलेले दिवस फुटीच्या काळात, तेव्हा दोघांनाही बोलायला विषय असतो, पानावरचा डाग. मध्यावर तडाखा. तो शोधायचीही गरज नाही: २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, बागा झोडपल्या गेल्या. सप्टेंबरात छाटलेल्या बागेत तेव्हा मणी वाढीला लागलेले असतात, म्हणजे खर्च सगळा होऊन गेलेला. त्या रात्री वैशालीचा फोन येतो की येत नाही, दुसऱ्या दिवशी ती कंपनीची गाडी घेऊन येते की भावाची मोटारसायकल, तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला आल्यावर ती कुठे उभी राहते. लिहायला बसलात की दिसेल, इथे ‘प्रेम’ हा शब्द वापरायची वेळच येत नाही.

सणवार जपून वापरा. तुमची तोडणी जानेवारीत असेल तर त्याच सुमारास पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते आणि जिल्ह्यातून दिंड्या जातात. अर्धं गाव दिंडीत, मजुरांची टोळी मिळत नाही, माल तयार. हा पेच खरा आहे. संक्रांतीला येवल्यात पतंग उडतात तेही खरं, पण ते तुमच्या गोष्टीत काही करणार नसतील तर उडू द्या तिकडेच.

५. एक प्रसंग, जवळून

साधारण असं लिहून येतं: ‘वेलींतून सोनेरी ऊन झिरपत होतं. तिला पाहताच त्याच्या काळजाचा ठोका चुकला. पंधरा वर्षं क्षणात विरघळून गेली.’ यात चुकीचं काही नाही आणि कामाचंही काही नाही. ही वाक्यं आंब्याच्या बागेत, रेल्वे फलाटावर, कुठेही चालतील.

आता तेच दोघं, जानेवारीतली सकाळ. चार महिने चारचौघांत ‘तुम्ही, मॅडम’ करत काढलेले.

ती ओळीत शिरली. दोन्ही बाजूंचे, वरचे, खालचे मणी तोडत पिशवीत टाकत गेली. शेवटी पिशवी मुठीत दाबली, रसाचा थेंब काचेवर घेतला आणि साखर मोजायचं ब्रिक्स मीटर उजेडाकडे धरलं.

‘एकोणीस.’

‘एकवीस पाहिजे होतं.’

‘बघा तुम्ही.’

त्याने हात पँटीला पुसले, डोळा लावला. निळी रेघ एकोणीसवरच होती.

‘गारांनी पानं गेली ना. साखर कुठून भरणार?’

तिने एक मणी तोंडात टाकला, बी दाताखाली फोडलं, हातावर थुंकून पाहिलं. अजून हिरवट. ‘आठ दिवसांनी परत येते.’

तो काही बोलला नाही. खाली वाकून ठिबकचा कॉक बंद करू लागला. उठताना म्हणाला, ‘आठ दिवसांत काही कळलं तर सांगशील ना?’

पिशवी तिच्या हातात तशीच राहिली.

आठ दिवस म्हटल्यावर दोघांनाही काय आठवलं, हे लेखकाने सांगायला नको. मागे नीट पेरलं असेल तर वाचकाला कळतंच. लाल वाइनसाठी साखर २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत भरू देतात, तेव्हा एकोणीस म्हणजे अजून दम आहे, हेही त्याला संदर्भाने उमजतं. कामाच्या वस्तू हातात असल्या की माणसं बोलतात, आणि बोलायचं टाळायला त्यांना निमित्तही मिळतं. आणि ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरणं शेवटच्या वाक्यात ठेवा. पहिल्याच पानावर दोघं ‘अरे-तुरे’वर आली तर तुमच्या हातातला चांगला पत्ता गेला.

६. जुनं किती सांगायचं

कमी. पहिल्या तीन प्रकरणांत तर जवळजवळ नाहीच. काहीतरी झालं होतं एवढं कळू द्या, काय ते दाबून ठेवा. तिचे आठ दिवस वाचकाला मध्याच्या जरा आधी कळावेत, आणि शक्यतो तिच्याच तोंडून. वीस पानांचं कॉलेजजीवन, एसटीतल्या नजरा, पहिला पाऊस, हे लिहायला मजा येते. लिहा, आणि वेगळ्या फाइलमध्ये ठेवून द्या.

७. घरची माणसं आणि बाटली

इथे शहरी लेखक सगळ्यात जास्त घसरतात. वाइनच्या गावात सगळे वाइन पितात असं त्यांना वाटतं. गळ्यात माळ, घरात ज्ञानेश्वरी, आणि बांधावर शिराज, असं घर या पट्ट्यात तुम्हाला सहज सापडेल. माल कंपनीला जातो, पुढे त्याचं काय होतं ते कंपनी बघेल. या घरातली आजी ‘दारूची द्राक्षं’ असाच शब्द वापरणार. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. तसा वाद एका जेवणाच्या ताटावर घडवून बघा: मुलगा म्हणतो भाव वाढेल, बाप म्हणतो कीर्तनकाराला काय तोंड दाखवू. दोघांचंही बरोबर वाटलं पाहिजे.

मुलगी वाइनमेकर आहे हे वैशालीच्या घरी तरी कसं सांगितलं जात असेल? ‘फूड कंपनीत आहे.’ एवढ्या एका वाक्याने तिचं एकटेपण कळतं.

बाकी माणसं मोजकी ठेवा. संदीपचं मधल्या काळात लग्न झालं असेल, मोडलं असेल, बायको वारली असेल. जे असेल ते, पण त्या बाईला खलनायिका करू नका. मुलगी असेल तर तिला दोघांचं जुळवून देणारी गोड पोर करू नका, तिला वैशाली आवडली नाही तरी चालेल. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळीत एक तरी माणूस नावासकट यावा. त्या टोळीतल्या बाया ओळीत काम करताना मालकाच्या घरातलं सगळं ओळखून असतात आणि त्यांचं बोलणं लेखकाला फुकट मिळतं.

८. तीच परीक्षा, पुन्हा

शेवटाकडे नवखा लेखक मोठा देखावा मांडतो. संगीत महोत्सवाचा मंच, माइकवर माफी, टाळ्या. वाचताना मला अंग चोरावंसं वाटतं. माफी मागायला बोलणं पुरत नाही, काहीतरी पदरचं जावं लागतं.

वैशालीची परीक्षा आठवा: कळलं होतं, सांगितलं नाही. तर फेब्रुवारीत ते पुन्हा घडवा. कंपनीच्या बैठकीत ठरतं की गारपिटीचा माल कमी दर्जाचा आहे, यंदा निम्माच उचलायचा, आणि शेतकऱ्यांना पत्र जाईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. नोकरी, पगार, पंधरा वर्षांत मिळवलेलं नाव, सगळं एका बाजूला. ती त्याच संध्याकाळी संदीपच्या ओट्यावर जाते आणि सांगते. त्याला एकट्याला नाही, तीस-चाळीस घरांना सांगायला लावते.

आता त्याची परीक्षा. सोसायटीत लोक जमतात, आणि तेच काका, आता म्हातारे, म्हणतात, ‘बापाने बुडवलं, आता पोरगी आली.’ संदीप मागच्या वेळी जिथे गप्प उभा होता, तिथे त्याला तोंड उघडायचं आहे. त्याचं भाषण करू नका. तीन वाक्यं पुरेत, आणि त्यातलं एक कामाचं असावं: कुणाचा किती टन माल आहे ते सांगा, उद्या सकाळी दुसऱ्या वायनरीत जायचंय.

पुढे काय होतं ते थोडं कडूच ठेवा. काही माल दुसरीकडे कमी भावाने जातो, काही वेलीवरच राहतो. तिची नोकरी जाते किंवा टांगणीला लागते. अण्णा गावात यायला अजून तयार नाहीत. पण दोघांमधलं मिटलेलं असतं, आणि वाचकाला दिलेला शब्द पाळायचाच आहे, तेव्हा ते स्पष्ट दाखवा. लाजून पडदा पाडू नका. ‘पुढे काय झालं ते काळालाच ठाऊक’ हा शेवट या प्रकारात चालत नाही. ज्यांना तो आवडतो त्यांनी दुसरा प्रकार लिहावा.

९. लिहून झाल्यावर

पहिला खर्डा एखाद्या बागायतदाराला वाचायला द्या, शक्यतो ज्याने वाइनचं आणि खायचं, दोन्ही द्राक्ष लावलंय त्याला. साहित्यिक अभिप्राय मागू नका. ‘तारीख आणि काम जुळतंय का’ एवढंच विचारा. डिसेंबरात छाटणी किंवा वाइनच्या घडांना डिपिंग आलं असेल तर तो हसेल आणि तुमची लाज घरातल्या घरात राहील. शंका राहिल्याच तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं आणि द्राक्ष बागायतदार संघाचं साहित्य चाळा.

मग संवाद मोठ्याने वाचा. निफाडचा शेतकरी छापील मराठी बोलत नाही, आणि पानभर ओढूनताणून ग्रामीणही बोलत नाही. मुलं शिकलेली आहेत, युरोपला माल पाठवतात, मालात औषधाचा अंश किती उरला याचा, रेसिड्यूचा, रिपोर्ट मोबाइलवर बघतात.

छापायचं कुठे हे लांबीवर ठरवा. पाच-सात हजार शब्दांत बसत असेल तर दिवाळी अंक बघा. संपादकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा गणपतीत पाठवलेली कथा बहुतेक पुढच्या वर्षावर जाते. लांब असेल तर प्रतिलिपीवर भागाभागाने टाकता येते, किंडलवर स्वतः काढता येते. भागाभागाने टाकणार असाल तर सगळं लिहून झाल्यावरच पहिला भाग टाका. वाचक तिसऱ्या भागापासूनच विचारू लागतात की दोघं कधी एकत्र येणार, आणि त्यांच्या आग्रहाला बळी पडलात तर गारपिटीच्या आधीच लग्न लावून बसाल.